पोरांच्या वहीत तालुका

दिवाळीच्या सुट्या संपल्या की अमरावती जिल्ह्यातल्या शाळांना सहलीचे वेध लागतात. एसटीची निम्म्या भाड्यातली गाडी ठरते, पालकांची संमतिपत्रं गोळा होतात, शिक्षण विभागाची परवानगी येते आणि एका पहाटे कानटोप्या घातलेली पोरं अंधारातच शाळेच्या फाटकाशी जमतात. शेगाव, चिखलदरा, लोणार. बेत मोठा असला तर वेरूळ-अजिंठा, नाहीतर थेट रायगड. या सहलींबद्दल माझ्या मनात आकस नाही. घरातल्या कोणीच कधी डोंगर पाहिलेला नाही अशा घरचं लेकरू चिखलदऱ्याच्या कड्यावर उभं राहतं, ही मोठी गोष्ट आहे. मात्र चांदूर रेल्वे तालुक्यातलं हेच लेकरू ज्या शिवारात वाढतं, त्या शिवाराचा इतिहास बघायला गाडी कधी ठरत नाही. इतिहास कुठेतरी लांब, किल्ल्यावर किंवा लेण्यात घडला आणि आपल्या गावात नुसती पेरणी-वेचणी झाली, असा समज घेऊनच ते दहावीपर्यंत येतं.

चांदूरपासून तीस-चाळीस किलोमीटरच्या आत एवढं काही आहे की पाचवी ते दहावीच्या मुलांना इतिहासकाराचं खरंखुरं काम करता येईल. मोजायचं, वाचायचं, विचारायचं, शंका घ्यायची आणि लिहून ठेवायचं. त्यासाठी मुक्कामाची सोय लागत नाही, स्वयंपाकी न्यावा लागत नाही. एक दिवस लागतो आणि वेळ द्यायला तयार असलेले एखादे सर किंवा बाई लागतात.

सुरुवात स्टेशनापासून करावी. एकाच जिल्ह्यात दोन चांदूर, म्हणून एकाला बाजार चिकटला आणि दुसऱ्याला रेल्वे, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण ही रेल्वे इथून का गेली, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ भुसावळ, बडनेरा करत 1867 साली नागपूरला पोचले. त्याआधी, 1853 मध्ये, निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी स्वतःकडे घेतला होता. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि त्यांचे डोळे आपल्या काळ्या मातीकडे वळले. पूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. आता तो मुंबईच्या बंदराकडे निघाला. चांदूर, धामणगाव, पुलगाव ही स्टेशनं त्याच वाटेवरची.

पाठ्यपुस्तकात हे चार ओळींत उरकतं. पोरांच्या अंगात मुरायचं असेल तर हातांना काम द्यावं लागतं. स्टेशन मास्तरांची परवानगी घ्यावी आणि फलाटावरच थांबावं. रुळांवर उतरायचं नाही, हा पहिला नियम. पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती उतरवून घ्यायची. विजेच्या खांबांवर मुंबईपासूनचं अंतर किलोमीटरमध्ये असतं, ते वाचायचं. मग शाळेच्या मैदानावर चुन्याने दोन रेघा ओढायच्या, मधलं अंतर बरोबर 1676 मिलिमीटर. ही आपली मोठी लाइन. शेजारीच आणखी दोन रेघा, अंतर 762 मिलिमीटर. ही मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला पूर्वी जायची ती शकुंतला. दोन्ही रेघांत पोरं उभी करायची. छोट्या रेघांत दोघं दाटीवाटीने मावतात. मग एखादं पोरगं विचारतंच, "सर, इतकी लहान गाडी काऊन केली?" इथून पुढचा तास आपोआप चालतो. खर्च कमी, कापूस गोळा करून मोठ्या लाइनीवर आणून टाकणं एवढंच मुख्य काम आणि मालकी खासगी कंपनीची, तीही स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं तशीच राहिलेली. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती. आजोबांना विचारलं तर कोळशाच्या कणांनी काळं झालेलं धोतर त्यांना अजून आठवेल.

तिथून जिनिंगमध्ये जावं. हंगामात आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या असतात, यंत्र चालू असतं, बाहेर सरकीचा ढीग वाढत असतो. आज आपल्याकडे रुईची गाठ 170 किलोची धरतात. कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटलच्या आसपास कापूस हवा. आता प्रत्येकाने घरी विचारून यायचं: आपल्या वावरात यंदा पऱ्हाटीला किती कापूस झाला आणि त्याच्या किती गाठी होतील? एका बाईने दिवसभरात किती किलो वेचला आणि किलोमागे तिला काय मिळालं? ज्या घरात वावर नाही, त्या घरच्या पोराकडे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात नेमकं असतं. वर्गात बहुधा पहिल्यांदाच त्याच्या आईची माहिती फळ्यावर लिहिली जाते. मला या सगळ्या उपक्रमातली ही सर्वांत मोलाची घटना वाटते.

गाठींचा हिशेब झाला की कापसाची दुसरी बाजूही पोरांपुढे ठेवावी. जमीन रोख पिकाखाली गेली, धान्य विकत घ्यायची वेळ आली आणि 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत वऱ्हाड होरपळला. लक्ष्मण सत्या यांनी एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडच्या कापसावर आणि दुष्काळावर 1997 साली एक आख्खं पुस्तक लिहिलं. आठवीच्या मुलांना ते वाचायला देता येणार नाही, पण रूळ धान्य आणू शकत होते तरी माणसं का मेली, हा त्यातला प्रश्न त्यांना नक्की समजतो. खिशात पैसा नसेल तर स्टेशनवर आलेलं धान्य कोणासाठी, हे कास्तकाराच्या पोराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा दिवस कागदांचा. हा माझ्या मते सगळ्यात समृद्ध आणि सगळ्यात नाजूक भाग आहे. विदर्भात कोतवाल बुक माहीत नाही असं घर विरळा. गावात कोण जन्मलं, कोण वारलं याची नोंद कोतवाल ठेवायचा. त्या जुन्या वह्या आज तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात आणि जात पडताळणीसाठी लोक त्यांच्या नकला काढायला रांगा लावतात. कुणबी नोंदींच्या शोधात 2023 साली राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते आपण पाहिलं. म्हणजे आपल्या समाजात साधा शेतकरीसुद्धा दप्तरखान्यात जाऊन पणजोबाचं नाव हुडकतो. त्याच्या पोराला मात्र शाळेत 'इतिहासाची साधने' या धड्याखाली भौतिक, लिखित, मौखिक असे तीन शब्द पाठ करावे लागतात. घरच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली ती नक्कल हेच लिखित साधन आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

शाळेतही असाच खजिना असतो: दाखल-खारीज रजिस्टर. जुन्या शाळांची रजिस्टरं काही पिढ्यांची असतात. नाव, जन्मतारीख, वडिलांचा धंदा, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडण्याचं कारण. मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली जुन्या रजिस्टरातली फक्त ही पानं पोरांना बघू द्यावीत: मुलींची नावं पहिल्यांदा कोणत्या साली दिसतात, एका पानावर किती मुली, त्यांनी शाळा कितवीत सोडली. वेगवेगळ्या दशकांची आकडेवारी पोरांनी स्वतः मांडली की मुलींच्या शिक्षणाचा इतिहास त्यांच्याच शाळेच्या आकड्यांतून उभा राहतो. आणखी एक गोष्ट पोरांच्या चटकन लक्षात येते: आजी-आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख 1 जुलै किंवा 1 जून. इतकी माणसं एकाच दिवशी कशी जन्मली? गुरुजींनी दाखल करताना वय अंदाजाने धरलं आणि सोयीची तारीख लिहिली, हे आजीच हसत सांगते. सरकारी शिक्क्याच्या कागदावरचीही प्रत्येक गोष्ट खरी नसते, हे एकदा कळलं की ते पोर आयुष्यभर कागद डोळे उघडे ठेवून वाचतं.

नाजूकपणा जातीच्या रकान्याचा आहे. या वह्यांत जात लिहिलेली असते, कधी कधी अपमानास्पद शब्दांत. ते पान वर्गात सगळ्यांसमोर उघडलं तर एखादं लेकरू मान खाली घालेल आणि पुन्हा कधी वर करणार नाही. म्हणून शिक्षकाने आधी पानं निवडावीत, नावं झाकावीत आणि आपापल्या घरचा कागद वर्गात आणायचा की नाही हे प्रत्येक मुलावर सोडावं. मोठ्या वर्गांशी मात्र हा विषय टाळू नये. 1927 साली याच जिल्ह्यात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह उभा राहिला आणि त्यात पापळच्या पंजाबराव देशमुखांनी पुढाकार घेतला. पापळ शेजारच्याच नांदगाव खंडेश्वर तालुक्यात आहे. पुढे देशाचे कृषिमंत्री झालेल्या माणसाचं गाव, एसटीने तासाभराच्या अंतरावर.

नांदगाव खंडेश्वरलाच यादवकाळातलं खंडेश्वराचं दगडी मंदिर आहे. बिनचुन्याचं बांधकाम, एकमेकांत बसवलेले दगड. इथे पोरांना कागद-पेन्सिल देऊन एकच खांब नीट काढायला सांगावं, आख्खं मंदिर नको. कोरीव लेखाचा ठसा कसा घेतात ते मात्र मंदिरात करून बघायचं नाही. तिथे परवानगी लागते आणि दगडाला इजा होऊ शकते. ते शाळेच्या कोनशिलेवर करावं. पातळ कागद ओला करून अक्षरांवर बसवायचा, ब्रशने हलकेच ठोकायचा म्हणजे तो खाचेत शिरतो, थोडा सुकला की कापडाच्या बोळ्याने शाई टिपायची. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटतात तेव्हा पोरांचा जो गलका होतो, तो ऐकण्यासारखा असतो. मग गावातल्या विहिरी, धर्मशाळा, मंदिरांच्या पायऱ्या यांवर 'यांच्या स्मरणार्थ' लिहिलेले दगड शोधायचे. कोणी पाणपोई घातली, कोणी विहीर बांधली, त्यांच्या घरचे लोक आज कुठे आहेत. महिन्याभरात गावाची एक वेगळीच यादी तयार होते.

हे सारं परदेशी शिक्षणशास्त्रातून आलंय असं कोणाला वाटत असेल तर त्याने रिद्धपूरला जावं. मोर्शी तालुक्यातलं हे गाव, जिथे 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या लोकांच्या तोंडून. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन, विचारून, त्यांच्या बोलीत उतरवून घेतल्या. पुढच्या पोथ्यांमध्ये एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या आठवणी 'वासना' म्हणून शेजारी शेजारी दिलेल्या सापडतात. अमक्याला असं आठवतं, तमक्याला तसं; दोन्ही ठेवा. नंतर मुनिव्यासांनी स्थानपोथी केली. स्वामी कुठे कुठे राहिले, ते देऊळ कोणत्या तोंडाचं, पाणी कुठल्या बाजूला, कोणत्या दिशेला काय, याची टिपणं. मौखिक इतिहास आणि स्थळनोंद ही आज शिबिरांतून शिकवली जाणारी दोन्ही कामं मराठीत सातशे वर्षांपूर्वी झाली आहेत आणि त्यातलं एक मोठं केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे. सातवी-आठवीच्या पोरांना म्हाइंभटांची ही पद्धत सांगितली की मुलाखत म्हणजे काय हे वेगळं शिकवायला लागत नाही. आजीला मधे तोडू नका. तिचा शब्द बदलू नका. दोन आज्यांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा.

जगभरातही याच वाटेने गेलेली पोरं आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका डोंगराळ खेड्यातल्या शाळकरी मुलांनी 1966 साली म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेऊन 'फॉक्सफायर' नावाचं मासिक काढलं. साबण कसा करायचे, लाकडी घर कसं उभारायचे, हे सगळं त्यात आलं आणि त्यातून निघालेली पुस्तकं देशभर खपली. इकडे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. त्या आता 'पारी' या ग्रामीण संग्रहात ऐकता येतात. वऱ्हाडातल्या आज्यांच्या ओव्या मात्र अजून बऱ्याचशा त्यांच्याच तोंडी आहेत आणि आज्या थकत चालल्या आहेत.

तालुक्यात घुईखेड आहे. बेंडोजी महाराजांच्या समाधीमुळे ओळखलं जाणारं गाव. बेंबळा प्रकल्पामुळे या गावाला हलावं लागलं आणि नवी वसाहत उभी राहिली. पुनर्वसनाच्या वसाहतींत रस्ते सरळ असतात, प्लॉट मोजलेले असतात, घराला नंबर असतो. जुन्या गावात कोणाचं घर कोणाच्या पाठीला होतं, पाण्याला कुठून जायचं, पोळ्याची मिरवणूक कुठे वळायची, हे आता फक्त माणसांच्या डोक्यात आहे. इथली एक दिवसाची सहल मला सर्वांत गरजेची वाटते. मोठा कागद ओट्यावर पसरायचा, म्हाताऱ्यांना भोवती बसवायचं आणि जुन्या गावाचा नकाशा त्यांच्या सांगण्यावरून पोरांनी काढायचा. दोन म्हातारे भांडतील, वड इकडे होता की तिकडे. भांडू द्यावं. बायकांचा नकाशा वेगळा काढावा, कारण त्यांची वाट विहिरीवरून, नदीवरून आणि वावरातून जायची. पुरुषांना ते कोपरे आठवत नाहीत. ज्यांचं घर गावाच्या कडेला होतं त्यांनाही बोलवायला विसरू नये. धरणाचा फायदा कोणाला झाला, मोबदला कसा ठरला, हे प्रश्न पोरं विचारतील आणि विचारावेत. सिंचन वाढलं हेही खरं आणि गाव बुडालं हेही खरं. जिल्ह्यात अप्पर वर्धा धरणानेही गावं हलवली. आणखी दहा-पंधरा वर्षांनी हा नकाशा काढायला माणसं उरणार नाहीत.

कौंडण्यपूरला तर शाळा जातातच, पण देवदर्शनाला. वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात. रुक्मिणीचं माहेर म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो. तिथून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीला चारशेहून जास्त वर्षांची परंपरा सांगतात. याच गावच्या टेकाडावर 1960 च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी उत्खनन केलं आणि 1968 साली त्याचा अहवाल निघाला. दीक्षित म्हणजे प्राचीन मणी आणि काच यांचे मोठे जाणकार. सातवाहनांच्या काळी इथे भरलेली वस्ती होती. पोरांना आधी मंदिरात न्यावं, मग टेकाडाकडे. कथा आणि खापर यांचं भांडण लावायची गरज नाही. रुक्मिणीची कथा लोकांनी कशी जपली हाही इतिहासच, आणि मातीखाली काय मिळालं हा दुसरा. हे खापरांवरून सिद्ध होतं का, असं पोरांनी विचारलं तर सरळ सांगावं: खापरावर कोणाचं नाव नसतं, त्यावरून लोक कसं जगत होते एवढं कळतं.

इथला एक नियम कडक हवा. जमिनीवर दिसलेलं खापर किंवा मणी उचलून खिशात घालायचा नाही. जागेवरच पट्टी ठेवून मोजायचा, चित्र काढायचं, रंग लिहायचा आणि पुढे जायचं. वस्तू जागेवरून हलली की ती अर्धी मुकी होते, कारण ती कोणत्या थरात, कशाजवळ होती हेच तिचं अर्धं म्हणणं असतं. शिवाय जमिनीत सापडलेल्या ठेव्याबद्दल 1878 चा कायदा आजही लागू आहे. पोरांना खोदायची हौस असतेच. ती शाळेतच भागवावी: एका कोपऱ्यात खड्डा करून त्यात फुटके माठ, बांगडीचे तुकडे, जुनी नाणी थराथराने पुरावीत आणि वरच्या वर्गाने चौकटी आखून ती हळूहळू उकरावीत. प्रत्येक वस्तू कोणत्या थरात, किती खोलीवर मिळाली हे लिहिलं की मगच पुढचा थर. घाईने उकरणाऱ्या गटाचा हिशेब जुळत नाही आणि हा धडा ते विसरत नाहीत.

नदीपलीकडे वर्धा जिल्हा. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीम जन्मली. टकळी फिरवता फिरवता कापसाचा भूगोल, सुताचं गणित, कापडाचा इतिहास. आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी सेवाग्रामला हे करून दाखवलं. आपल्या सरकारी अभ्यासक्रमातही याचे धागे अजून आहेत. बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं निघालं, म्हणजे अमरावतीच्या लेकराला अमरावतीचं. 2018 च्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात तर इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन असेच धडे आहेत. पुस्तक चांगलं आहे. अडतं ते पुस्तकाच्या आणि फाटकाच्या मधल्या जागेत.

शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या बाजूला सारून कोणी उपदेश करू नये. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, दोन शिक्षकांवर चार वर्ग. अपघाताची भीती आहे. काही झालं तर पहिल्यांदा शिक्षकालाच धरतात. म्हणून जवळची, चालत किंवा एकाच गाडीने होणारी सहल सोयीची. पालकांपैकी दोघं-तिघं सोबत घ्यावेत. त्यातला एखादा जिनिंगमध्ये कामाला असतो, एखादी बाई आशा सेविका असते, एखादा रेल्वेत गँगमन राहिलेला असतो. त्या दिवशी तेच शिक्षक होतात. गुढीपाडव्याला सावंगा विठोबाच्या यात्रेत कापराच्या धुरात उंच झेंड्यांकडे बघत उभी असलेली पोरं तर घरच्यांसोबतच गेलेली असतात. त्यांना नुसती एक वही आणि चार प्रश्न दिले की पुरे: कोण कुठून आलं, दुकानं कशाकशाची, झेंड्याचा मान कोणाकडे, आजोबांच्या वेळी आणि आता काय बदललं.

वह्यांचं पुढे काय होतं, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. बहुतेक प्रकल्प वह्या गुण मिळाले की रद्दीत जातात. या वह्या तशा जाऊ नयेत. मूळ प्रत शाळेच्या कपाटात कुलपाखाली, एक प्रत ग्रामपंचायतीत, एक गावच्या वाचनालयात. आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत पोरांनी त्यातली चार पानं उभं राहून वाचून दाखवावीत. लोक चुका काढतील. आमच्या आज्याचं नाव हे नव्हतं, विहीर त्या सालची नाही, तो बांध सरकारने नव्हे आम्ही घातला. प्रत्येक दुरुस्ती सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून पोरांनी लाल शाईने त्याच पानाच्या समासात लिहावी. मूळ ओळ खोडू नये. पुढच्या वर्षीच्या सातवीला याच वहीपासून सुरुवात करायला सांगावी.